वाखासाठी विरजण: ‘क्रिजाफ सोना’ पावडर नागपूरच्या पाण्यात कशी वापरावी

पाकीट उघडलं की हाताला लागते ती शंखजिऱ्याची मऊ भुकटी. अंगाला लावायच्या पावडरीहून वेगळी वाटत नाही. पण त्या भुकटीत बॅसिलस प्युमिलस या जिवाणूचे निवडक वाण सुप्तावस्थेत असतात. पाणी मिळालं की ते जागे होतात आणि भिजत घातलेल्या खोडांच्या सालीतला चिकट भाग खायला लागतात, म्हणजे सालीतला वाख, दोर वळायचा तंतू, सुटा होतो. तेवढंच त्यांचं काम, आणि ते काम ते चोख करतात. उरलेलं सगळं, म्हणजे पाणी किती, कसलं आणि किती कोमट, हे वापरणाऱ्याच्या हातात. म्हणून या परीक्षणात पावडरीपेक्षा पाण्याबद्दलच जास्त बोलावं लागणार आहे.

ही पावडर पश्चिम बंगालमधल्या बराकपूरच्या केंद्रीय ज्यूट व तत्सम तंतू संशोधन संस्थेची. तिच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरं म्हणजे ‘क्रिजाफ’. २०१५ पासून ‘ज्यूट-आयकेअर’ या कार्यक्रमातून ती तिकडच्या ज्यूट उत्पादकांपर्यंत गेली. नागपूरच्या आसपास ज्यूटचं पीक नाही. आपल्याकडे वाखासाठी आहेत ती दोन पिकं: भाजीसाठी घरोघरी माहीत असलेली अंबाडी, आणि हिरवळीच्या खतासाठी वावरात गाडला जाणारा ताग, म्हणजे बोरू. पुस्तकांत ज्यूटलाही ताग म्हणतात, त्यामुळे घोळ होतो. इथे ताग म्हणजे बोरूच, आणि ज्यूटला ज्यूटच म्हटलं आहे.

निकाल आधीच सांगतो. अंबाडीसाठी ही पावडर घेण्यासारखी आहे, मात्र खोडं ऑक्टोबर संपायच्या आत पाण्यातून बाहेर येणार असतील तरच. तागासाठी तिची फारशी गरज नाही. ताग कोमट पाण्यात पाच ते सात दिवसांत सुटतो, तिथे आणखी घाई केली तर वाख नासण्याची भीतीच वाढते.

अंबाडीच्या खोडात मधे पांढरी काडी, बाहेर साल, आणि सालीत वाखाचे लांब पुंजके. हे पुंजके एकमेकांना आणि काडीला धरून असतात ते पेक्टिनने, आणि काही प्रमाणात हेमिसेल्युलोजने. पेरू-आवळ्याची जेली घट्ट होते तीही पेक्टिनमुळेच. खोडं पाण्यात सडवणं म्हणजे हे पेक्टिन खाऊ घालणं आणि वाखाचं सेल्युलोज वाचवणं. डबक्यात आपोआप वाढणारे जिवाणू दोन्ही खातात, कोण आधी वाढेल याचा नेम नसतो. ‘सोना’तले वाण पेक्टिन आणि झायलन (हेमिसेल्युलोजचाच एक प्रकार) तोडतात, सेल्युलोजला हात लावत नाहीत. या पावडरीची खरी किंमत इथे आहे. दूध नुसतं ठेवलं तरी नासून आंबट होतंच, पण विरजण लावलं तर दही लागतं. इथेही तसंच.

संस्थेचे आकडे ज्यूटचे आहेत. नुसत्या पाण्यात १८ ते २१ दिवस लागतात तिथे पावडरीने १२ ते १५ दिवस, वाख ८ ते १० टक्के जास्त, आणि प्रत एक-दोन पायऱ्यांनी वर. अंबाडीच्या बुडख्याची साल ज्यूटपेक्षा जाड असते, म्हणून दोन-तीन दिवस वाढीव धरावेत. साडेसात क्विंटल हिरव्या अंबाडीतून वाख निघतो तीस-पस्तीस किलो, म्हणजे पावडरीने वाढतो तो तीनेक किलो. एवढ्यासाठी कोणी पाकीट मागवू नये. मागवावं ते वाचणाऱ्या सहा-सात दिवसांसाठी आणि बुडख्याशी साल चिकटून राहू नये म्हणून.

प्रमाणाची शिफारस हेक्टरच्या हिशेबात आहे: हेक्टरभर ज्यूटला २५ ते ३० किलो. पाच गुंठे अंबाडी लावणाऱ्याला हा आकडा काही सांगत नाही. ज्यूटचा हेक्टरी हिरवा माल ४५ टनांच्या आसपास धरला, तर एका क्विंटल हिरव्या खोडांना ५५ ते ६५ ग्रॅम पावडर येते. क्षेत्रावर न जाता खोडं तोलून घ्या आणि क्विंटलला ६० ग्रॅम धरा. दुप्पट टाकून दिवस अर्धे होत नाहीत. एकदा जिवाणू पुरेसे झाले की पुढचा वेग पाण्याची ऊब ठरवते.

आता पाणी. साचलेल्या पाण्यात खोडांच्या वजनाच्या वीसपट पाणी असावं, दहापटीच्या खाली तर जाऊच नये. पाच मीटर लांब, तीन मीटर रुंद आणि सव्वा मीटर खोल खड्डा काढून शेततळ्याला वापरतात ती ५०० मायक्रॉनची पन्नी अंथरली आणि मीटरभर पाणी भरलं, तर १५,००० लिटर होतात. त्यात साडेसात क्विंटल खोडं निवांत मावतात, आणि पावडर लागते साडेचारशे ग्रॅम. रामटेककडच्या बोड्यांमध्ये, म्हणजे लहान तळ्यांत, पाणी भरपूर असतं, पण त्यावर मासे आणि जनावरं असतील तर अंबाडी तिथे घालू नका. सडताना पाण्यातला प्राणवायू संपतो आणि मासे तडफडून वर येतात. शहरातल्या तलावांचा तर विचारही नको.

बोअरच्या पाण्यात लोह असेल तर मोठी पंचाईत. सालीत टॅनिन असतं. टॅनिन आणि लोह एकत्र आलं की काळी शाई तयार होते, आणि ती वाखात उतरते. बादलीत काढून ठेवलेलं पाणी दुसऱ्या दिवशी तांबूस होऊन तळाशी गंजासारखा गाळ बसत असेल, तर ते वापरू नये. गंजलेला लोखंडी ड्रम, लोखंडी तार, खालची चिखलमाती या तिघांचंही तेच. विदर्भातल्या काळ्या मातीची ढेकळं जुड्यांवर वजन म्हणून ठेवायची सवय आहे. त्यानेच वाख काळपट पडतो. केळीचे खुंटही वजनाला नकोत, त्यांच्यातही टॅनिन असतं. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं आणि ते पावडरीतल्या जिवाणूंना मारतं, म्हणून टाकं भरून दोन दिवस उघडं ठेवावं. सर्वांत चांगलं पावसाचं साठवलेलं पाणी.

पाण्याची ऊब ३४ अंशांच्या आसपास असली की काम सर्वांत जोरात चालतं. ऑक्टोबर हीट या कामाला अगदी योग्य. दिवाळीनंतर नागपूरच्या रात्री गार पडायला लागतात, उघड्या टाक्यातलं पाणी सकाळी हाताला थंड लागतं, आणि मग हीच पावडर, हेच प्रमाण असूनही तीन-साडेतीन आठवडे लागू शकतात. डिसेंबरात तर पावडर टाकणं आणि न टाकणं यात फार फरक राहत नाही. ज्यांना अंबाडीची लाल बोंडं सरबतासाठी हवीत, त्यांची अडचण इथेच होते: बोंडं भरेपर्यंत थांबलं की खोड लाकडासारखं होतं, वाख जाड आणि ठिसूळ निघतो, आणि तोवर थंडीही पडते. वाखासाठीची अंबाडी निम्म्या झाडांवर फुलं दिसली की कापायची. बोंडांसाठी वेगळ्या दोन ओळी ठेवा.

कापणी जमिनीलगत करा. वरचा कोवळा शेंडा छाटून भाजीला घ्या. त्यातून वाख निघत नाही. वीतभर जाडीच्या, म्हणजे २० ते २५ सेंटिमीटर व्यासाच्या जुड्या बांधा. जाड आणि बारीक खोडं एका जुडीत नकोत. एकत्र असली तर बारीक खोडं आधी सडून नासतात आणि जाड कच्ची राहतात. जुड्या वावरातच तीन-चार दिवस आडव्या ठेवल्या की पानं गळतात. पानं टाक्यात गेली तर पाणी काळं होतं. बांध सैल हवा, मुठीने आवळलेल्या जुडीच्या मध्यात पाणी शिरत नाही.

मग जुड्या गुडघाभर, म्हणजे ४५ ते ६० सेंटिमीटर पाण्यात तीन-चार दिवस उभ्या ठेवायच्या, बुडखे खाली. ही पायरी लोक कंटाळून गाळतात आणि मग पावडरीला दोष देतात. वरची साल तयार होते तेव्हा बुडखा अजून कच्चा असतो. बुडख्यासाठी थांबावं तर शेंडा नासतो. हे तीन-चार दिवस म्हणजे बुडख्याला दिलेली आघाडी. टाक्यात उभं ठेवण्याइतकी जागा नसेल तर बुडख्याचा हातभर भाग लाकडी मोगरीने हलका ठेचून घ्या, साल चिरली पाहिजे, तुटायला नको.

पुढची पायरी म्हणजे थर लावणं. तळाशी बांबूची दोन आडवी टाका, म्हणजे जुड्या तळापासून वीतभर वर राहतील. पहिल्या थरात बुडखे एका बाजूला, दुसऱ्यात उलट. पहिला थर मांडला की त्यावर पावडर भुरभुरवायची, मग दुसरा थर, पुन्हा पावडर. मीठ लावावं तशी सगळीकडे सारखी पडायला हवी. टाक्याच्या एका कोपऱ्यात ओतून काठीने ढवळलं तर शंखजिरं तळाला बसतं आणि त्याबरोबर निम्मे जिवाणूही. तीनपेक्षा जास्त थर नकोत. प्रत्येक जुडीत ताग किंवा ढेंचा या हिरवळीच्या खताच्या पिकांची दोन-तीन हिरवी झाडं घातली तर जिवाणूंना नत्र मिळतं. बंगालकडची ही जुनी रीत पावडरीबरोबरही उपयोगी पडते. वरून जलपर्णी किंवा गवत पसरा आणि सिमेंटच्या फरशा नाहीतर रेतीने भरलेल्या प्लॅस्टिकच्या थैल्या ठेवा. सर्वांत वरची जुडी चार बोटं तरी पाण्याखाली राहिली पाहिजे. उघडी राहिलेली खोडं वाळतात आणि तिथली साल पुढे कधीच सुटत नाही.

पहिले दोन-तीन दिवस फक्त साल फुगते, रंग आणि साखर पाण्यात उतरते. पाणी चहासारखं तांबूस होतं, बुडबुडे येतात. मग उग्र, आंबूस वास सुरू होतो. तो सेंद्रिय आम्लांचा, घाबरण्यासारखं काही नाही. काळजी करावी ती लहान टाक्यात आम्ल साचलं तर. सामू (pH) मोजायची पट्टी पाचव्या-सहाव्या दिवशी बुडवून पाहावी. सामू ६ ते ८ च्या दरम्यान असला तर ठीक. ५ च्या खाली गेला तर काम मंदावतं. अशा वेळी चौथाई पाणी काढून नवं भरावं. सगळं पाणी बदलू नये, त्याबरोबर वाढलेले जिवाणूही जातात.

आठव्या दिवसापासून रोज पाहणी. वरच्या जुडीतलं खोड काढून निर्णय घेणं ही सर्रास होणारी चूक आहे. मधल्या थरातल्या जुडीच्या मध्यातून दोन खोडं ओढून काढा. बुडख्याशी अंगठा आणि तर्जनीने साल दाबा. साल काडीवरून घसरली, आणि वाख ओढताना बुडख्यापासून अखंड, पांढऱ्या काडीला स्वच्छ सोडून आला, की झालं. काडीवर हिरवट पापुद्रा राहिला तर अजून एक दिवस. वाख ओढताना कापसासारखा तुटायला लागला तर एक दिवस उशीर झाला. पावडरीतले वाण सेल्युलोज खात नसले तरी टाक्यातले बाकीचे जिवाणू खातातच, त्यामुळे तयार झाल्यावर ‘सोमवारी काढू’ असं चालत नाही. मजूर मिळायचा दिवस आधी ठरवून मग भिजत घाला.

काढताना एकेक खोड सोलणं हळू होतं पण वाख सरळ आणि लांब निघतो. जुडी मोगरीने ठोकून, काडी मोडून झटकण्याची पद्धत झपाट्याची आहे, मात्र काडीचे तुकडे वाखात अडकतात. दावं, कासरा वळायला ते चालेल. पायपोस, पिशव्यांसाठी नाही. सोललेला वाख स्वच्छ पाण्यात दोनदा धुवायचा, बांबूवर टांगून दोन-तीन दिवस उन्हात वाळवायचा. जमिनीवर पसरला की धूळ बसते आणि सगळी मेहनत मातीमोल. काळपट पडलाच असेल तर चिंचेच्या कोळाच्या पातळ पाण्यात पंधरा-वीस मिनिटं बुडवून लगेच भरपूर पाण्याने धुवावा. चिंचेतलं आम्ल लोह धरून काढतं. उरलेल्या काड्या कुडाला, मांडवाला, चुलीला येतात.

खरेदीबाबत एक इशारा, आणि तो सर्वांत महत्त्वाचा. कृषी केंद्रात ‘कुजवायचं कल्चर द्या’ म्हटलं की काडीकचऱ्याचं खत करणारं द्रावण किंवा ट्रायकोडर्मा पुढे येतं. ते अंबाडीवर चुकूनही टाकू नका. कचरा कुजवणाऱ्या सूक्ष्मजीवांचं काम सेल्युलोज तोडणं, आणि वाख म्हणजे सेल्युलोजच. आठवड्याने साल सुटलेली दिसेल, आणि हातात येईल तो लगदा. ट्रायकोडर्मा जमिनीतल्या रोगांवर फार गुणाचा आहे, पण त्याची जागा वावरात. वाखासाठी पेक्टिन खाणारं आणि सेल्युलोज न खाणारं कल्चर हवं, हे दोन्ही शब्द विचारून घ्या.

दुसरे पर्याय आहेत. कोलकात्याच्या नैसर्गिक तंतू संस्थेची ‘निनफेट साथी’ पावडर कमी पाण्यात सडवण्यासाठीच काढलेली आहे. ज्यांच्याकडे टाकं लहान आहे त्यांनी तीही पाहावी. पेक्टिन तोडणारं पेक्टिनेज एन्झाइम फळरसाच्या आणि कापडाच्या धंद्यात वापरतात. ते जलद चालतं, पण सामू आणि तापमान सांभाळावं लागतं, आणि खर्च शेतावर परवडत नाही. तिसरा मार्ग आम्हाला नागपूरसाठी सर्वांत योग्य वाटतो: हिरव्या खोडाची साल आधीच पट्ट्यांसारखी सोलून फक्त साल भिजत घालणं. काडी बाहेर राहिल्याने पाणी निम्म्याहून कमी लागतं आणि दिवसही बरेच वाचतात. दोनशे लिटरच्या प्लॅस्टिकच्या निळ्या ड्रममध्ये दहा किलो सालीच्या पट्ट्या सैल वळ्या करून सोडा आणि १५ ते २० ग्रॅम पावडर टाका. ड्रम उन्हाच्या भिंतीशी ठेवला की नोव्हेंबरातही पाण्याला ऊब मिळते. हाताने सोलणं कष्टाचं आहे, कापल्या दिवशीच सोललं तरच साल सुटते. पण घरगुती दोरांपुरता वाख हवा असेल तर एवढ्यात भागतं.

टाक्यावर डासांची जाळी हवीच. सडवणीचं पाणी क्युलेक्स डासांचं आवडतं घर आहे, आणि नागपुरात ऑक्टोबर हा आधीच डासांचा महिना. पाण्यात उतरणाऱ्यांनी गमबूट घालावेत, हाताला खोबरेल तेल लावावं. आंबलेल्या पाण्याने कातडीला खाज सुटते. वापरून झालेलं पाणी नाल्यात सोडू नये. दोन-तीन आठवडे राहू दिलं, मग साध्या पाण्यात मिसळून वावराला दिलं तर त्यातलं पालाश कामी येतं.

मात्र ते सगळं लगेच काढून टाकू नका. त्याच टाक्यात दुसरी खेप घालायची असेल तर पहिल्याचं पाणी हेच विरजण. पावडर निम्मी पुरते, म्हणजे क्विंटलला ३० ग्रॅम, आणि दुसरी खेप सहसा पहिलीपेक्षा लवकर सुटते. तिसऱ्या खेपेला पाणी फार काळं आणि आंबट झालेलं असतं. तेव्हा नवं पाणी भरून जुनं दोन-तीन बादल्या त्यात घालावं.

पावडर ज्यूट पिकणाऱ्या पट्ट्यासाठी बनते, त्यामुळे ती बराकपूरच्या संस्थेकडे किंवा तिच्या परवानाधारक उत्पादकाकडे मागवावी लागते. बॅसिलसचे बीजाणू टणक असतात, पार्सल प्रवासात तापलं तरी ते तगतात. तरी पाकीट टिनाच्या शेडखाली किंवा रासायनिक खताच्या पोत्यांशेजारी ठेवू नका. थंड, कोरड्या जागी ठेवा आणि फोडलं की त्याच हंगामात संपवा. मागणी ऑगस्टमध्ये नोंदवा, पाकिटावरची बनवल्याची तारीख त्याच वर्षाची असल्याचं पाहा, आणि अंदाजापेक्षा पाव किलो जास्त घ्या, कारण कापणीच्या दिवशी तोलताना खोडं नेहमी धरल्यापेक्षा जास्त भरतात.